घर तपासायला येणार म्हणून

रूडीने आणि मी वेगळं व्हायचं ठरवलं तेव्हा भांडण वगैरे काही झालं नाही. जानेवारीतली दुपार होती, बाहेर बर्फ पडत होता. तो टेबलाच्या त्या बाजूला कॉफी पीत बसला होता आणि मी या बाजूला. मध्येच तो म्हणाला, "इर्मा, मी इथे राहतोय की नुसता थांबलोय, तेच मला कळेनासं झालंय."

मी म्हटलं, "मलाही कळत नाही रे."

मग बराच वेळ आम्ही बर्फाकडे बघत बसलो. दुसऱ्या दिवशी त्याने दोन पिशव्या भरल्या आणि भावाच्या शेडवरच्या खोलीत राहायला गेला. खाली बोटी दुरुस्त होतात, वर एक खाट आणि एक शेगडी. गावात कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. दार लावून तो गेला, त्या आवाजातही राग नव्हता.

आमचा संसार म्हणजे हिवाळे. रूडी खनिज वाहून नेणाऱ्या जहाजांवर इंजिनखोलीत कामाला होता. मार्च संपता संपता सरोवरातला बर्फ फुटायला लागला की जायचा, तो परत बर्फ धरला की यायचा. मी गावातल्या वृद्धाश्रमात रात्रपाळी करायचे आणि दिवसा झोपायचे. मूलबाळ झालं नाही. तो घरी असायचा तेव्हाही त्याची चार-चार तासांची जहाजातली झोप आणि माझी दिवसाची झोप एकमेकींना जिन्यात भेटायच्या, इतकंच. आम्ही दोघं एकदमच निवृत्त झालो आणि पहिल्यांदा एक अख्खं वर्ष एका घरात काढलं. त्यात कळलं की आपण एका जवळजवळ अनोळखी, चांगल्या स्वभावाच्या माणसाबरोबर राहतोय. त्यालाही तेच कळलं असणार.

घर विकायचं ठरलं. रूडीची चुलत बहीण बेव्ह घरं विकून देते. मेच्या सुरुवातीला ती आली ती जोरात दार ढकलत.

"गिऱ्हाईक पक्कं आहे," कोट काढायच्या आधीच ती म्हणाली. "तरुण जोडपं. दोघंही शाळेत शिकवतात. पण व्यवहाराआधी, पंधरा दिवसांनी, त्यांनी नेमलेली इन्स्पेक्टर येणार घर तपासायला."

"येऊ दे की."

"येऊ दे की म्हणे! अगं, तो नळ ऐक."

मी कान दिला. मला काहीच ऐकू येईना.

"थेंब थेंब गळतोय, बाई! किती वर्षं गळतोय?"

तेव्हा कुठे मला तो ऐकू आला. घड्याळाची टिकटिक जशी ऐकू येत नाही तसा तो कधीचा ऐकू येईनासा झाला होता. बेव्ह घरभर फिरली. मागचं दार बंद करताना थोडं उचलावं लागायचं. जिन्याचा कठडा हात ठेवला की डुगडुगायचा. वरच्या संडासाची टाकी एकदा सोडली की पाणी वाहतच राहायचं, दांडी हलवावी लागायची. पन्हळीत पाइनच्या सुयांचा थर साचून त्यावर एक छोटं रोपटंसुद्धा उगवलं होतं.

"हे सगळं मी रोज वापरते," मी म्हटलं. "काही अडत नाही."

"तुझं अडत नाही गं. पण बाहेरच्या माणसाला नळ गळताना दिसला की वाटतं, या घराकडे कुणी बघितलेलंच नाही. मग ते पार तळघरापर्यंत नाक खुपसतात. किरकोळ कामं आहेत सगळी. एक वायसर, चार लांब स्क्रू, खिडक्यांच्या फटींत भरायला थोडी लांबी, पन्हळीतला कचरा. रूडीला बोलाव."

"रूडीला?"

"मग काय मला? जन्मभर त्याने अख्खं जहाज चालू ठेवलंय. तुझा एक नळ होणार नाही त्याला?"

तिने बशीतला वेलदोड्याचा पाव उचलला, कॉफीत बुडवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि हो, दोघं एकमेकांशी बोलत असाल तरच बोलाव. नाहीतर मी दुसरा माणूस बघते."

"बोलतो की," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. आमची बोलाचाल कधी बंद झालीच नव्हती. बोलण्यासारखं तेवढं काही उरलं नव्हतं.

मेमध्ये आमच्याकडे धुकं असतं. सरोवरातल्या बर्फाचे उरलेले तुकडे किनाऱ्याशी घासत असतात, पाणी थंडगार आणि वरची हवा कोमट. मग पाण्यावरून धुकं चढतं आणि झाडांमधून चालत गावात येतं. त्या वर्षी ते आलं आणि जाईचना. सकाळी खिडकीतून पाहिलं की समोरचा रस्ता नसायचा, टपालाची पेटी नसायची. घर कुठेतरी निघालंय आणि आपण त्यात बसलोय, असं वाटायचं.

अशाच एका सकाळी दार वाजलं. उघडलं तर रूडी, हातात लोखंडी पेटी, भुवयांवर पाण्याचे बारीक थेंब.

"दार कशाला वाजवलंस?" मी विचारलं.

तो जरा गोंधळला. "मग काय करायचं?"

मी बाजूला झाले.

त्याने नळापासून सुरुवात केली. सिंकखालची चावी बंद केली, पान्याने नळाचं डोकं उघडलं, आतून काळं, झिजलेलं, नखाएवढं रबर काढून माझ्या तळहातावर ठेवलं. नवं वायसर बसवलं, पुन्हा आवळलं, चावी सोडली. माझी कॉफी अजून निवलीही नव्हती.

घर एकदम गप्प झालं.

"झालं?" मी विचारलं.

"झालं."

"एवढंच होतं?"

"एवढंच."

मी ते रबर हातात धरून उभी राहिले, आणि जानेवारीत जो राग आला नव्हता तो आता आला. "रूडी, तुला हे इतक्या पटकन करता येत होतं, तर मी इतकी वर्षं हा नळ का ऐकला?"

"तू कधी म्हणालीस का, नीट कर म्हणून?"

"म्हणायला लागतं? घर तुझं नाही?"

त्याने पाना फडक्याने पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला. "तेच तर," तो म्हणाला. "मी यायचो तेव्हा सगळं जागच्या जागी लागलेलं असायचं. कुठला कप कुठे, कुठली खुर्ची कुणाची. तू दार उचलून लावायचीस, मी बघायचो. मला वाटायचं, हिला असंच हवंय. दोन महिन्यांसाठी आलेला पाहुणा. पाहुणा कधी यजमानाचा नळ उघडून बसतो का?"

खरं म्हणजे मला ते दार तसं हवंच होतं, असं नाही. पण ते उचलून लावायचं असतं हे फक्त मला माहीत होतं, आणि त्यात थोडं सुख होतंच.

दुपारी त्याने ते दारही नीट केलं. वरच्या बिजागरीतले आखूड स्क्रू काढून लांब स्क्रू घातले, पार आतल्या लाकडात जाणारे. दार आपलं आपण उचललं गेलं. संध्याकाळी कचरा टाकून मी आत आले, सवयीने दार उचललं आणि ते चौकटीवर धाडकन आपटलं. रूडी कठड्यापाशी गुडघे टेकून बसला होता, तो दचकला. मग हसायला लागला. मीही हसले. पुढचे कितीतरी दिवस माझा हात ते दार उचलत राहिला. रात्री झोपेतही मी संडासाची दांडी हलवत होते, डुगडुगणाऱ्या कठड्याला हात न लावता जिना उतरत होते. घर बरं होत होतं आणि माझं अंग अजून त्या आजारी घरात राहत होतं.

रूडी रोज यायचा. दार वाजवायचा. मी "ये" म्हणायचे. मी पेस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरून भाजलेली मोठी करंजी, करून ठेवायचे, तो ती टोमॅटो सॉसबरोबर खायचा, आणि इतकी वर्षं त्याला सॉस लागतो हे मला माहीत नव्हतं, कारण घरात सॉस कधी नसायचाच आणि त्याने कधी मागितला नव्हता. त्याने स्वतःच बाटली आणून फ्रिजमध्ये ठेवली, दाराच्या कप्प्यात, मधोमध. मी ती तिथेच राहू दिली.

पन्हळी साफ करायच्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की शिडीवर चढल्यावर तो कमरेपासून वर नाहीसा झाला. मी खाली शिडी धरून उभी होते. मला फक्त त्याचे बूट दिसत होते. वरून ओल्या सुयांचे गोळे थप् थप् पडत होते आणि आवाज येत होता, जणू तिसऱ्याच कुणाचा.

"इर्मा."

"काय?"

"जहाजावर पहाऱ्याला असताना झोप येऊ नये म्हणून मी काय करायचो माहितीय का?"

"काय करायचास?"

"घरात हिंडायचो. या घरात. मनातल्या मनात. दारातून आत यायचं, उजवीकडे बुटांची फळी, मग स्वयंपाकघर. जिना. एकेक खोली नीट बघायची. घाई करायची नाही. इंजिनाचा आवाज असायचा ना, त्यात ते सोपं जायचं."

"मी असायचे का घरात?"

वरून एक गोळा पडला. "तू झोपलेली असायचीस. मी आवाज न करता हिंडायचो."

माझे हात शिडीवर गारठले होते, पण मी ते काढले नाहीत. समोर माणूस दिसत असता तर मी काहीतरी चेष्टेत म्हणाले असते. बुटांशी बोलायला सोपं जातं. मी म्हटलं, "मी दिवसा झोपायचे ना, तेव्हा मला स्वप्नात नेहमी कुणीतरी घरात चालतंय असं वाटायचं. भीती नाही वाटायची."

"पण माझ्या मनातलं घर चुकायचं," तो म्हणाला. "परत आलो की दोन-चार दिवस गोंधळ व्हायचा. माझ्या घरात वरच्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला, सरोवराकडे खिडकी होती. मी तिथे जाऊन उभा राहायचो आणि आमच्या जहाजाचे दिवे बघायचो. इथे आलो की तिथे चादरींचं कपाट."

"त्या बाजूला खिडकी नाहीच, रूडी. बाथरूमची तेवढी आहे."

"बाहेरून तर आहे."

"त्या नुसत्या झडपा आहेत. भिंतीवर शोभेला ठोकलेल्या. आपण दोनदा रंगवल्यात, विसरलास?"

"पाण्यावरून बघताना शोभेच्या वाटत नाहीत," तो म्हणाला आणि पुढच्या पन्हळीकडे सरकला.

ही आमची घरं जुन्या खाणकामगारांची. उत्तरेचा वारा सोसवत नाही म्हणून सगळ्यांनी सरोवराकडे पाठ केलेली. मी त्यावर पुढे विचार केला नाही. त्याने पन्हळीच्या उतरत्या नळीला एक लांब तुकडा जोडला, म्हणजे पाणी घराच्या पायापासून दूर पडेल, आणि आम्ही आत जाऊन हात शेकले.

शेवटच्या दोन-तीन दिवसांत खिडक्यांच्या काचांना लांबी भरली, धूर झाला की वाजणाऱ्या भोंग्यांना नवे सेल घातले. टबाच्या कडेचं काळं पडलेलं सिलिकॉन मी स्वतः खरवडून काढलं आणि नवं भरलं. रूडीने बोट फिरवून बघितलं आणि म्हणाला, "जहाजावर घेतलं असतं तुला."

"रात्रपाळी देणार असाल तर येते," मी म्हटलं.

तपासणीच्या दिवशी बेव्ह सकाळीच हजर झाली आणि आम्हाला दोघांनाही घराबाहेर काढलं. "मालकांनी मध्ये मध्ये करायचं नसतं. तुम्ही बघत राहता आणि ती बिचारी नीट बघू शकत नाही. जा कुठेतरी. जेवून या."

"कुठे जाऊ?"

"मला काय विचारतेस? नवरा आहे ना तुझा, त्याला विचार. अजून आहे ना?"

"कागदावर आहे," रूडी म्हणाला.

इन्स्पेक्टर बाई फाटकातच भेटली. चाळिशीची, उंच, खांद्यावर शिडी, कपाळावर दिवा. जोलीन नाव सांगितलं. "काळजी करू नका," ती म्हणाली. "मी घर पाडत नाही, फक्त विचारपूस करते."

आम्ही रूडीच्या ट्रकमधून किनाऱ्यावर गेलो. पाण्याकडे तोंड करून गाडी उभी केली. समोर काही नव्हतं. पांढरं, त्यापुढे पांढरं. बर्फाचे शेवटचे तुकडे एकमेकांवर घासून काचेच्या बांगड्यांसारखे किणकिणत होते. डब्यातून पेस्टी काढून खाल्ली. हीटर चालू होता. बोलता बोलता माझे डोळे मिटले.

जागी झाले तेव्हा माझं डोकं त्याच्या खांद्यावर होतं आणि तोही झोपला होता, तोंड थोडं उघडं. इतक्या वर्षांत आम्ही एका वेळी झोपलोय असं फार क्वचित झालं असेल. एक जण झोपायचा, दुसरा जागा असायचा. मी हलले नाही. धुकं पातळ होत होतं. त्यातून आधी एक काळी रेघ दिसली, मग तिच्यावर एक पांढरी इमारत. एक लांबलचक जहाज, आवाज न करता, जणू कुणी दोरीने ओढत नेतंय असं चाललं होतं. रूडीने डोळे उघडले, जहाजाकडे पाहिलं, कुठलं आहे ते सांगितलं नाही. पुन्हा मिटले.

मग फोन वाजला. बेव्ह.

"या परत," ती म्हणाली. "मोठं काही नाही. पण ही बाई वरच्या कपाटाशी अडून बसलीय."

जोलीन जिन्याच्या टोकाला उभी होती. तिने माझ्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, सगळं नीट घडी न मोडता जमिनीवर काढून ठेवलं होतं.

"तुमचं घर ठीक आहे," ती म्हणाली. "पन्हळी स्वच्छ, कठडा घट्ट, कुठे गळती नाही. एवढ्या जुन्या घरात मला दहा गोष्टी सापडतात. पण एक विचारायचं होतं. बाहेरून त्या बाजूला वर दोन खिडक्या दिसतात. आतून मला एकच सापडते."

मी म्हटलं, "त्या नुसत्या झडपा आहेत."

"तसं वाटलं मलाही." तिने पिशवीतून एक छोटा कॅमेरा काढला. उष्णता आणि गारवा दाखवणारा. कपाटाच्या मागच्या भिंतीवर तो धरला आणि आम्हाला पडद्यावर बघायला सांगितलं. भिंत पिवळट, कोमट दिसत होती आणि तिच्या मधोमध, सरळ कडांचा, निळाशार चौकोन होता. त्याला मधून एक उभी आणि एक आडवी रेघ.

रूडीने हात पुढे करून भिंतीला लावला, जिथे पडद्यावर निळं होतं तिथे.

"गार आहे," तो म्हणाला.

"काच आहे मागे," जोलीन म्हणाली. "कुणीतरी आतून फळ्या मारून बंद केलीय, बहुतेक थंडीसाठी. आत ओल असेल तर मला लिहावं लागेल. नसेल तर नाही. भिंत फोडायचा मला अधिकार नाही. तुमची भिंत आहे, तुम्ही बघा."

बेव्ह म्हणाली, "मी त्या दोघांना सांगते की थोडं थांबा. इर्मा, हे बघ, उगाच तोडफोड नको. विकायला काढलेलं घर आहे. कुठेतरी एक कोरडं भोक पाडून बघा, संपलं."

मी रूडीकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत होता. परवानगी मागत होता, हे मला कळलं, आणि त्याच क्षणी मला ते आवडेनासं झालं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतोस? तुझी खिडकी आहे. काढ."

त्याने कपाटाच्या फळ्या उतरवल्या. मग करवतीने पत्रा कापावा तसा मागचा पुठ्ठ्याचा, चुन्याचा थर तो कापत गेला. मी तुकडे धरून खाली घेत होते. धूळ इतकी उडाली की सगळे खोकायला लागलो. त्यामागे वर्तमानपत्रं कोंबलेली होती, कोरडी, तपकिरी, हात लावताच चुरा होणारी. ती काढली आणि काच दिसली. जुनी, लहरी काच, तिच्यामागे बंद झडपांचा हिरवा अंधार. ओल कुठेच नव्हती. खालच्या रुंद फळीवर मेलेल्या माश्या होत्या आणि कपाच्या बुडाचा एक फिकट गोल डाग. कुणीतरी कधीतरी इथे बसून काहीतरी गरम प्यायलं होतं, आणि मग एखाद्या हिवाळ्यात कंटाळून किंवा कुडकुडून त्याने खिडकीच बुजवून टाकली होती.

तावदान वर सरकवायला दोघांचंही बळ लागलं. रूडीने हात बाहेर घातला, गंजलेला आकडा काढला आणि झडपा ढकलल्या. त्या कुरकुरल्या, मग आमच्याच हातच्या रंगाचा थर फाटल्याचा आवाज झाला, आणि त्या उघडल्या.

उजेड आधी आमच्या पायांवर पडला, चुन्याच्या धुळीत, चादरींवर. मग डोळे सरावले. झाडांचे शेंडे, त्यांच्यापुढे उतार, आणि त्याच्या पलीकडे सरोवर. धुकं आता पाण्यावर नुसतं एका चिंधीएवढं उरलं होतं. पाणी राखाडी आणि खूप लांबपर्यंत होतं. इतकी वर्षं ते माझ्या चादरींच्या मागे होतं.

जोलीन हळूच म्हणाली, "ओल नाही," आणि खाली निघून गेली. बेव्ह मात्र उभी राहिली. "आता यांना कुणीतरी समजवा," ती स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली. "घर विकायच्या आठवड्यात खिडकी सापडली!" पण तिचे डोळे भरले होते, आणि धुळीने भरले असं ती पुढे सगळ्यांना सांगत राहिली.

रूडी खिडकीच्या फळीवर कोपर टेकून उभा होता. मी त्याच्या शेजारी उभी राहिले. त्याच्या केसांत चुना होता.

"तुझ्या घरातल्यासारखीच आहे का?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "माझी थोडी डावीकडे होती."

घर आम्ही विकलं. बेव्हने एकदा हळूच विचारून पाहिलं, मोडायचा का व्यवहार, अजून वेळ आहे. आम्ही दोघंही एकदमच नाही म्हणालो. ती तरुण मंडळी येऊन खिडकीशी उभी राहिली होती, त्या दोघांतल्या मुलीने फळीवर हात ठेवला होता, तो आम्ही पाहिला होता. आणि खरं सांगायचं तर मला ते घर आता पूर्वीइतकं पाठ उरलं नव्हतं. ताबा द्यायला महिना होता. त्या महिन्यात रूडीने खिडकीला नवी चौकट केली, जुनीच काच ठेवून. झडपांचा रंग खरवडला. दुपारी आम्ही तिथे दोन खुर्च्या टाकून बसायचो. तो मला सांगायचा की अमुक ठिकाणी पाणी किती खोल आहे, तमुक ठिकाणी वारा कसा फिरतो. वृद्धाश्रमातली माणसं पहाटे काय काय बडबडतात ते मी त्याला सांगायचे. हे सगळं आधीही सांगता आलं असतं. पण तेव्हा कुणी ना कुणी झोपलेलं असायचं.

एकदा तो म्हणाला, "इर्मा, मी शेडवर परत जाणार नाही."

"मग कुठे जाणार?"

"माहीत नाही. तू कुठे जाणार?"

"मलाही माहीत नाही. गावात दोन खोल्या बघायला जाणार आहे, बुधवारी. बेकरीच्या वर."

"मी येऊ का बघायला?"

"ये," मी म्हटलं. "पण मला एकटीला सगळं ठरवायला लावू नकोस. ते मी खूप केलंय."

बुधवारी ऊन होतं. बेकरीवरच्या खोल्यांची मालकीण म्हणजे एक बुटकी, चटपटीत बाई, हातात किल्ल्यांचा जुडगा. जिना अरुंद होता, वर पावाचा गरम वास. दोन्ही खोल्या रिकाम्या, भिंती पांढऱ्या. खिडकी रस्त्यावर उघडत होती. मी एका खोलीत गेले, रूडी दुसऱ्या खोलीत. त्याने नळ सोडून पाहिला, मी कपाट उघडून पाहिलं, मग आम्ही खोल्या बदलल्या. मालकीण दारात उभी राहून बघत होती.

"इकडे टेबल बसेल," रूडी म्हणाला.

"मला तिकडे हवंय. उजेडात."

"तिकडे ठेवलंस तर दार उघडणार नाही."

"मग दार काढून टाकू."

मालकीण एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. शेवटी तिला राहवेना. "तुम्ही दोघं राहणार का इथे? म्हणजे, नवरा-बायको आहात ना?"

रूडीने माझ्याकडे पाहिलं. या वेळी मीही त्याच्याकडेच पाहत होते.

"अजून ठरतंय," मी म्हटलं, आणि रूडी खिशातून मापपट्टी काढून टेबलासाठी भिंत मोजायला खाली बसला.